सगळेच मेजर

फौजेतून परतलेली चार-पाच माणसं एका टपरीवर बसली की किस्से आपोआप साठत जातात. वरवंडला आमचा तसाच कट्टा आहे. पण हल्ली काही किस्से सांगताना हसायच्या आधी मला रागच येतो.

आमच्याकडं फौजेत गेलेला प्रत्येक जण मेजर. मी नाईक म्हणून रिटायर झालो, तरी मेजर. बाकीचे तिघं शिपाई, तेही मेजर. खरे मेजर कट्ट्यावर एकच, आमचे कंपनी कमांडर. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. त्यामुळं गावाला वाटतं, हे एकटेच फौजेत नव्हते!

*

साहेब लंगडतात, त्याचं असं झालं. वरच्या शत्रूच्या चौकीवरून फायरिंग चालू होतं आणि आम्ही खडकाला चिकटून पडलेलो. आमच्यातला कासुर्डीचा दत्ता गोळी लागून उघड्यावर पडला होता.

साहेब म्हणाले, "त्याला मी आणतो. तुम्ही कव्हर द्या. मी सांगायच्या आत कुणी उठला, तर त्याची रजा कॅन्सल."

कुणी उठलं नाही. रजेचा धाक मोठा असतो. साहेब सरपटत गेले आणि मांडीत गोळी घेऊन दत्ताला ओढत घेऊन आले. दत्ता वाचला नाही. मग तसल्याच पायानं साहेब पुढं झाले आणि आम्ही ती चौकी घेतली.

*

हा माणूस अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेला. मी सोबत होतो. क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "जन्मतः का अपघात?"

"गोळी लागलीय."

"तसा कॉलम न्हाई ओ. टू-व्हीलर लिहू का?"

"लिहा," साहेब म्हणाले. "हेल्मेट होतं, तेवढं मात्र लिहा."

त्यानं तेही लिहिलं. मी टेबलच उलथवणार होतो, पण साहेबांनी माझा दंड धरला.

*

शिरूरकडच्या एका शाळेत साहेबांना भाषणाला बोलावलं. संयोजक कानाशी येऊन म्हणाला, "दोन मिनिटांत आटपा, पोरींचा डान्स हाय." साहेबांनी दत्ताचं नाव घेतलं, गाव सांगितलं आणि खाली बसले.

"अजून दीड मिनिट हाय की," संयोजक म्हणाला.

*

कासुर्डीत दत्ताच्या स्मारकाचं अनावरण होतं. उद्घाटक पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, दोन तास लेट. खुर्च्या व्हीआयपींच्या, म्हणून दत्ताची आई उन्हात उभी.

वाऱ्यानं पडदा सरकला. म्हातारी शिळेजवळ गेली. तिला वाचता येत नाही. सगळ्यात मोठ्या अक्षरांवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या दत्तूचं नाव झ्याक काढलंय."

ते नाव भाऊंचं होतं. दत्ता पार तळाशी, बारीक अक्षरांत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. साहेबांनी तिचा हात हळूच धरला आणि खाली नेला.

"एवढुसं?" ती म्हणाली.

साहेब गवंड्याकडं वळले. "सिमेंट ओलं हाय का?"

"व्हय, सकाळीच बसवलीय."

"मग काढ."

तिथला संयोजक धावत साहेबांकडं आला. "अवो मेजर, भाऊ चिडतील."

"चिडू दे," साहेब म्हणाले.

आम्ही कट्ट्यावरच्या चौघांनी शिळा उतरवली आणि तोंड भिंतीकडं करून ठेवली. गाड्यांचा ताफा आला तेव्हा रिकाम्या चौथऱ्यावर दत्ताची आई बसलेली. भाऊ हातात कात्री घेऊन उभेच.

"आता अनावरण कशाचं करायचं?" भाऊंनी विचारलं.

साहेब म्हणाले, "आधी आईंच्या पाया पडा. मग बघू."