बांगडीएवढी रिंग

हानेकेबाई नसत्या, तर आज मी त्या वर्कशॉपमध्ये नसतो. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर. त्या रिटायर्ड फिजिक्स टीचर, आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे बिनपगारी कामाला येतात. इथे सगळे त्यांना नुसतं हानेके म्हणतात. माझी जीभ रेटत नाही.

मी नववी नापास. भोसरीत एकोणीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून काढली. बायको आयटीत, तिच्या परमिटवर झूटरमेर या डच शहरात आलो. रॉटरडॅमजवळच्या या वर्कशॉपमध्ये म्युझियमसाठी जुनी विमानं दुरुस्त होतात. माझ्या ट्रायलचे दोन आठवडे उरले होते, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल की नाही याने झोप उडालेली, आणि तेव्हाच पहिल्या महायुद्धातल्या एका विमानाच्या गनसाइटचं काम माझ्याकडे आलं.

गनसाइट म्हणजे नेम धरायचं साधन. त्या काळी साधंच असायचं. गनवर पुढे एक मणी, मागे एक रिंग. रिंगच्या मधोमध मणी दिसला की गन सरळ. पण शत्रूचं विमान आडवं पळत असतं, गोळी पोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. म्हणून ते रिंगच्या कडेवर धरायचं, तोंड मण्याकडे. मग गोळी आणि विमान एकाच जागी भेटतात. रिंग केवढी हवी, हे डोळा तिच्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. हे सगळं मला बाईंनी कॉफीच्या कपाची कड डोळ्यासमोर धरून समजावलं होतं.

ड्रॉइंग टॉमसचं, आमच्या डिझाइन इंजिनिअरचं. मी विमानाच्या सीटवर बसून टेपने मोजलं. डोळा ते रिंग हे अंतर धरायच्या ऐवजी त्याने रिंग ते मणी हे अंतर धरलं होतं. बांगडीएवढी हवी ती रिंग वाटीएवढी मोठी झाली होती. मी जाऊन सांगितलं. स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "ड्रॉइंगप्रमाणे बनव."

भोसरीत आम्ही इथेच थांबतो. ड्रॉइंगवर साहेबाची सही असते, आपण कोण? पण बाई म्हणाल्या, "बोललेलं हवेत जातं. जॉब कार्डवर लिही." जॉब कार्ड म्हणजे प्रत्येक कामाबरोबर फिरणारा कागद. मोडक्या इंग्लिशमध्ये दोन ओळी आणि माझं माप लिहिलं. बाईंनी खाली सही केली. मग मी रिंग बनवली, ड्रॉइंगप्रमाणे.

म्युझियमच्या तज्ज्ञाने ती बघताक्षणी नापास केली. मीटिंगमध्ये टॉमस मॅनेजरला शांतपणे म्हणाला, "टर्नरचं शिक्षण कमी आहे. असं होतं." मी समोर बसलेलो, बाई माझ्या शेजारी. माझ्या कामात केसाइतका फरक नाही, आणि हा माझं शिक्षण काढतो. मॅनेजर म्हणाला, कॉन्ट्रॅक्टचं सोमवारी बघू.

बाई उठल्या. फाइलमधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "त्याचं इंग्लिश सोडा. माप वाचा."

मॅनेजरने दोनदा वाचलं. टॉमस पाणी प्यायला.

कॉन्ट्रॅक्ट मिळालं. बांगडीएवढी रिंगही मीच बनवली. माफी कोणी मागितली नाही. टॉमसच्या मेलमध्ये होतं, कम्युनिकेशन गॅप. कसली गॅप? मी सांगितलं, त्याने ऐकलं. म्युझियमच्या पाटीवर डिझायनर म्हणून त्याचंच नाव आहे. अजून डोकं तापतं.

शिकलो एवढंच: तोंडी सांगितलेलं बरोबर माप, काम फसलं की कोणी सांगितलेलंच नसतं.

बाईंकडे त्यांच्या वडिलांची पितळी दुर्बीण आहे. आटे झिजलेत, फोकस बसत नाही, तसा पार्ट कुठे मिळत नाही. एक दिवस मी तो बनवून देणार. ड्रॉइंग माझं असेल, आणि खाली सहीसुद्धा माझीच.