टाळीवर जुळलेला आवाज

शेवटचं भेटलो तेव्हा वहिनी माझ्यावर चिडली होती. माझ्या मुलीच्या गॅदरिंगचा नाच मी कॅमेऱ्यात घेतला होता. ऑफिसातल्या एकाने तो सीडीवर करून दिला आणि टीव्हीवर लावला तर सगळ्या मुली ताणल्यासारख्या उंच, काटकुळ्या दिसायला लागल्या. वहिनीने थोडं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, पोरीची पार अगरबत्ती करून टाकलीत की! आधी माझ्याकडे आणायला काय झालं होतं?" सीडी तिने ठेवून घेतली, मला पोहे खायला घातले आणि दारापर्यंत येऊन परत एकदा अगरबत्तीवरून हसली. पुढच्याच आठवड्यात दादाचा फोन आला. "मीनल गेली रे... अॅटॅक आला." या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

दादा आणि वहिनी लालबागची खोली सोडून मीरा रोडला राहायला आले तेव्हा वहिनी बँकेत होती. पुढे तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता ही घरी बसून कंटाळणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण त्याच सुमारास एक गोष्ट घडली. तिच्या वडिलांच्या एकसष्टीची व्हिडिओ कॅसेट माळ्यावरून काढली, तर आतल्या फितीवर पांढरी बुरशी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने फितीवरची बुरशी पुसली, दुकानं पालथी घातली, पण पडद्यावर मुंग्यांशिवाय काही आलं नाही. वहिनी रडली वगैरे नाही. तिने कॉम्प्युटर घेतला, कॅसेटचा प्लेअर त्याला जोडायचं कार्ड आणलं, एका ओळखीच्या मुलीकडून जुजबी शिकली आणि दुसऱ्यांच्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायला लागली.

आतली खोली तिची झाली. कधी चित्र यायचं पण आवाज नाही, कधी नवरा-नवरी हिरवे दिसायचे, कधी सीडी कॉम्प्युटरवर चालायची आणि गिऱ्हाइकाच्या प्लेअरमध्ये घातली की नुसतीच गरगरायची. वहिनी वैतागायची, पण सोडायची नाही. शिवाय तयार झालेली प्रत्येक सीडी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. दादा म्हणायचा, "अगं, मधे मधे बघ की, अख्खं लग्न कशाला बघतेस?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "आवाज कुठे घसरेल सांगता येत नाही." पण खरं म्हणजे तिला ती लग्नं आवडायची. अर्ध्या भाईंदरची लग्नं मी पाहिलीत, जेवायला मात्र कुणी बोलावलं नाही, असं ती म्हणायची. बाजारात एखादी अनोळखी बाई दिसली की मला कोपर मारून सांगायची, "हिच्या लग्नात हिचा दीर फार सुंदर नाचलाय."

अशातच भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावाहून पास्कलकाका आले. वय झालेले, मासेमारी मुलांवर सोपवलेली. हातात एकच सीडी. तिच्यात त्यांच्या थोरल्या मुलीच्या हळदीची फिल्म होती आणि त्या फिल्ममध्ये त्यांची बायको गात होती. बायको वारली होती. भाच्याने गल्फमध्ये कॅसेटवरून सीडी करून घेतली आणि मूळ कॅसेट तिथेच कुठेतरी हरवली. "बाई, तोंड आदी हालतंय न् आवाज मागून येतंय," काका म्हणाले. "मी बगत न्हाय आता. बगवत न्हाय."

वहिनीला वाटलं, सोपं आहे, आवाज थोडा पुढे सरकवला की झालं. तसं केलं तर सुरुवात जुळली, पण गाणं संपेपर्यंत आवाज पुन्हा मागे पडला. मग तिने सबंध आवाजाचा वेग वाढवून पाहिला, तर गाणं चिरकं झालं. त्यात दुपारची वीज जायची आणि होत आलेली फाइल मधेच तुटायची. मग वहिनी पहाटे उठून कामाला बसायला लागली. दादा वैतागून म्हणाला, "त्यांना सांग, होत नाही म्हणून." वहिनी म्हणाली, "त्यांच्याकडे निदान काहीतरी उरलंय, सुधीर. माझ्याकडे तेही नव्हतं." दादा उठून चहा ठेवायला गेला.

शेवटी तिच्या लक्षात आलं, की आवाज हळूहळू मागे पडत नाही, तर जिथे जिथे मूळ फीत खराब होती तिथे एकदम मागे पडतो. त्या जागी सीडी करताना कॉम्प्युटरने काही चित्रं गाळली होती, आवाज मात्र पूर्ण घेतला होता. मग तिने फिल्मचे तुकडे केले. आता प्रत्येक तुकडा जुळवायचा कशावर? तर गाणाऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. हात हाताला लागतो तो क्षण आणि टाळीचा आवाज, असं धरून तिने एकेक तुकडा बसवला.

काका सीडी न्यायला आले तेव्हा मीही तिथे होतो. वहिनीने टीव्हीवर लावली. काका आधी दाराकडे तोंड करूनच बसले होते. गाणं सुरू झालं आणि ते हळूच वळले... गाणं संपेपर्यंत ते तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "आता तीच गाते हाय. आदी कोन दुसरीच बाय तिच्या तोंडातून गात होती." वहिनी उठून आत गेली. नंतर दर मोसमात काकांकडून सुके बोंबील यायचे, आणि वहिनी त्यांची चटणी करून आम्हाला धाडायची.

वहिनीच्या दिवसकार्यानंतर दादाने लोकांच्या कॅसेटी परत करायला घेतल्या. त्याच मजल्यावरच्या जिग्नाबेनच्या लग्नाची कॅसेट अर्धी उतरवून झालेली होती. त्या ती घेईनात. "भाईसाब, आप ही पूरा कर दो ना. भाभी को रोज करते देखा है आपने." दादाने आयुष्यात माऊसला हात लावला नव्हता. दोन दिवसांनी त्याचा मला फोन, "अरे, आवाज आलाय पण चित्रच नाही, काय करू?" मला काय ठाऊक! मग रोजच फोन यायला लागले. कधी रंग गेलेले, कधी सीडी अडकलेली. माझ्याकडून काही कळणार नाही हे माहीत असूनही तो करायचा आणि मीही ऐकायचो.

गेल्या रविवारी पुन्हा फोन आला. "जमलं रे," दादा म्हणाला. "चित्र, आवाज, सगळं. मी हाकसुद्धा मारली तिला... अगं बघ, म्हणून."

मी विचारलं, "मग?"

"मग काय," दादा म्हणाला, "बसून अख्खं लग्न बघितलं."