राहिलेली हाक

पाण्यावर असताना माणसाला नावानं हाक मारायची नाही, ही आमच्या घरची रीत. आम्ही भोई. होडीत बसला की आमचा माणूस बिननावाचा होतो. वल्ह्यावर बसला तो वल्हेवाला, गळ धरून बसला तो गळवाला, आणि काठावरून कुणाला बोलवायचं झालं तर तोंडाशी हात धरून नुसतं "होऽऽ". कारण काय, तर पाण्याला नाव कळतं. एकदा कळलं की मग तेच त्या नावानं हाका मारायला लागतं आणि माणूस जातो. मी लातूरला शिवणाचं दुकान चालवते, दिवसभर गिऱ्हाइकांशी वाद घालते, कुणाच्या बापाला भीत नाही. पण माहेरी येताना बस नांदेडच्या पुलावर चढली की मी अजूनही पोरीला नावानं हाक मारत नाही. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

माझा धाकटा भाऊ ह्या रीतीनंच नेला, असं मी म्हणते. आई म्हणते, असं बोलू नये. पण तिनं कधी मला खोटं पाडलं नाही.

चार वर्षांमागची गोष्ट. वैशाखातली दुपार होती, गावाजवळच्या धरणावर बऱ्याच होड्या होत्या. हदगावच्या अंगानं आभाळ काळं झालं आणि बघता बघता वारं सुटलं. धुळीनं काठ दिसेना. ज्याची त्याची माणसं पाण्याकडं पळाली आणि जो तो आपल्या माणसाला होऽऽ होऽऽ करायला लागला. भाऊ होडीत एकटाच होता. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या काठाला गुडघाभर पाण्यात उभे राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होते. पण होऽऽ तर सगळ्यांचाच. पलीकडच्या काठावर एक म्हातारा आपल्या पुतण्याला बोलावत होता. भावाला तीच हाक घरची वाटली. तो तिकडं वळला, वाऱ्याच्या तोंडावर, भर खोल पाण्यातून. होडी मधेच पालथी सापडली.

सुतक फिटायच्या आत तो म्हातारा आमच्या दारात आला. हात जोडून उंबऱ्याबाहेर बसला आणि म्हणाला, तो माझ्या हाकेवर येत होता, मी डोळ्यांनी बघितलं. आईनं त्याला पाणी दिलं. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? पण ते ऐकलं आणि आबा उठून आत गेले, ते दोन दिवस बाहेर आले नाहीत.

भाऊ सापडला नाही. पहिल्यांदा सगळे भोई त्याच्यासाठी गळ ओढत होते. बुडालेला माणूस शोधायची आमची रीत आणि मासळी धरायची रीत एकच आहे. होडी हळूहळू वल्हवायची, मागं लांब तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडायची आणि गळ पाण्यातून ओढत न्यायचा. फरक इतकाच की माशासाठी गळ बारीक लागतो आणि तो पाण्याच्या मधोमध चालवतात, माणसासाठी जाड लागतो आणि शिसं बांधून तळाशी सोडतात. बाकीच्यांनी हात टेकले. आबांनी नाही टेकले. तेव्हापासून चैत्र सरला, पाणी उतरलं, की ते होडी काढतात आणि मृग निघेपर्यंत रोज धरणावर. विचारलं तर मासळीला चाललो म्हणतात. मासळी घेऊन येतातही. कधी मरळ, कधी शिंगाळा, कधी वाम, नाहीतर ती मेली चिलापी, जी हल्ली जिथं तिथं लागते. पण त्यांच्या तंगुशीला शिसं किती बांधलेलं असतं ते सगळ्या काठाला माहीत आहे. काठ बोलत नाही, इतकंच.

यंदाच्या होळीनंतर साध्या मासळीच्या फेरीत आबांना होडीतच चक्कर आली. शेजारच्या होडीतल्या माणसानं धरलं म्हणून वाचले. डॉक्टरनं उन्हात आणि पाण्यात जायची साफ बंदी केली. आबांनी मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि पाणी उतरायची वाट बघत बसले. मग आईचा फोन आला. म्हणाली, "तू ये बाई. एक तर पाण्यानं नेलाच, आता हे बी चालले. मला न्हाई ऐकत. तू काहीबी कर, पर त्यांला पाण्यातून बाहेर काढ."

दुकानाला कुलूप घातलं, पोरीला सासूबाईंकडं ठेवलं आणि निघाले. वाटेत मनाशी ठरवलं, गोड बोलायचं. आमच्या घराण्यात ते कुणाला जमलेलं नाही, पण बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा निघाले तशी मीही निघाले. घरी राहा म्हणाले, मी ऐकलं नाही. माझ्याच हट्टाला माझाच बाप काय करणार? शेवटी म्हणाले, मग वल्हं घे. लहानपणी मीच त्यांची वल्हेवाली होते, हात अजून विसरले नव्हते. तासाभरात तळव्यांना फोड आले ते वेगळं.

धरण इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाणी मागं सरकून सरकून पार मधे गेलेलं. काठाकडच्या उघड्या गाळावर लोकांनी काकडी-टरबुजाचे वेल लावले होते. पाण्यातून बाभळीची काळी खोडं वर आलेली, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. मला ती खोडं बघवत नव्हती. अर्धवट पाण्यात उभी असलेली कुठलीही वस्तू मला आता बघवत नाही.

आबा मागं तोंड करून बसले होते, तंगूस बोटावर घेतलेली.  मधेच बोटाला ओढ लागायची, ते सावकाश ओढून घ्यायचे. एक शिंगाळा आला, मिशा हलवत. मग चिलाप्या. मग एक मोठी मरळ, हातभर, तिला होडीत घेताना माझा परकर भिजला. मी म्हटलं, चला आबा, आजच्यापुरती झाली मासळी. त्यांनी गळ पुन्हा सोडला. त्यांचं लक्ष मासळीत नव्हतंच. मासा सोडवायचा आणि खाली फेकायचा, त्याच्याकडं बघायचंही नाही. भोयाच्या हाताला हे शोभत नाही. मला भीती वाटली. समोर बसलेला माणूस माझा बाप आहे आणि तरी इथं नाही, असं वाटत राहिलं.

आम्ही एकाच पट्ट्यात ये-जा करत होतो. जिथं होडी सापडली होती, तिथून पलीकडच्या काठाकडं. ऊन चढलं. आणि मग तंगूस गच्च झाली.

मासा लागला की तंगूस थरथरते. ही थरथरत नव्हती. नुसती जड. आबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला म्हणाले, थांबव. मी वल्हं उचललं. होडी उभी राहिली आणि ते हातावर हात टाकत ओढायला लागले. खालून काहीतरी सुटलं, वर येऊ लागलं.  देवा, नको, एवढंच माझ्या मनात होतं. चार वर्षं पाण्यात राहिलेल्या आपल्या माणसाला बघायचं कसं? हात पुढं करायचा की डोळे मिटायचे? मी डोळे मिटले.

उघडले तर बाभळीची फांदी. शेवाळलेली, गाळानं माखलेली. आबा तिच्यातला गळ सोडवत होते. गळ सुटला तसा तो पुन्हा पाण्यात टाकायला निघाले.

तिथं माझा तोल गेला. गोड बोलायचं वगैरे सगळं गेलं पाण्यात. मी त्यांच्या हातातली तंगूस हिसकून घेतली.

"काय करून राहिले तुमी, आबा? सापडला तरी काय सापडल आता?"

त्यांनी सुटलेली फांदी पाण्यात लोटली. 

"काय सापडत न्हाई," ते म्हणाले. "म्हाईत हाय मला."

"मंग?"

"नाव दातापर्यंत आलतं, बाई. गिळलं मी. पाणी ऐकल म्हून गिळलं. होऽऽ च करत बसलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "नावानं बलावलं असतं तर तो वळला असता न्हाई का? आपल्या नावावर कोन वळत न्हाई?"

मला त्यांचा राग आला, कीव आली, सगळं एकदम आलं. चार वर्षं ह्या माणसानं हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं. आम्ही समजत होतो, हाडं शोधतो आहे.

"मंग आता मारा हाक," मी म्हटलं. "न्यायचं ते नेलं त्यानं. आता ऐकू द्या पाण्याला काय ऐकायचं ते."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मीच अभद्र बोलले. मग होडीची कड धरून हळूच उठले. मी म्हटलं, बसून मारा, चक्कर येईल. नाही बसले. मी त्यांचं धोतर मुठीत धरून ठेवलं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला तोंडातून. दुसऱ्यांदा त्यांनी भावाच्या नावानं हाक मारली.

माझ्या सगळ्या जन्मात आमच्या माणसाचं नाव मी पाण्यावर ऐकलं नव्हतं. ते पाण्यावरून लांब लांब जात राहिलं. पाणकावळे उडाले. आबांनी आणखी एकदा हाक मारली, घरातून पोराला जेवायला बोलावतात तशी, शेवट ओढून.

आणि पलीकडच्या काठावरून उत्तर आलं.

"ओऽऽ"

 घुमलेला आवाज म्हणावा तर नाव परत यायला पाहिजे होतं, हे नाव नव्हतं, ही 'ओ' होती. तरण्या माणसाची, कामात असताना देतात तशी. आबा मटकन खाली बसले. त्यांनी माझा हात धरला, आणि तो हात इतका गार होता, भर वैशाखात, की मला वाटलं आता इथंच सगळं आटोपतं. पण ते म्हणाले, "वळव."

"आबा, कुनीतरी असल तिथलं."

"वळव म्हन्तो न्हवं."

मी वल्हं मारायला लागले. बुद्धीनं मला सगळं कळत होतं. भावाचं नाव महादेवाच्या नावांतलं. आमच्या भागात ढेकूळ भिरकावलं तर त्या नावाच्या कुणाला तरी लागेल, इतकं ते चालतं. तरी पाठीमागं वळून काठ बघायची माझी छाती झाली नाही. आबा तोंड पुढं करून बसले होते आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघून वल्हवत होते. त्या तोंडावर भीती नव्हती, आस होती. मला तेच सोसवेना.

होडी गाळाला टेकली. टरबुजाच्या वेलात एक तरणा माणूस उभा होता, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल, हातात पाण्याचा पाइप. आमच्या भावासारखा काही दिसत नव्हता. उंच होता, काळा होता, पुढचे दात थोडे बाहेर. त्यानं आम्हाला नमस्कार केला आणि विचारलं, मला कुणी बोलावलं?

मी तोंड उघडलं, चुकून झालं दादा, असं सांगायला. तेवढ्यात आबा बोलले.

"जेवलास का?"

त्या माणसाला काही कळलं नाही. अनोळखी म्हातारा, भर उन्हात, पाण्यातून येऊन जेवलास का विचारतो. पण खेड्यातला माणूस, त्यानं सरळ उत्तर दिलं. म्हणाला, न्हाई अजून, घरून भाकर यायची हाय. आबांनी पायाशी पडलेली ती मोठी मरळ उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. तो पैसे विचारायला लागला तर आबांनी मान हलवली. लेकरं किती, विचारलं. घर कुठं, विचारलं. तो सांगत होता आणि आबा त्याच्या तोंडाकडं बघत होते. मी वल्हं गाळात रोवून होडी धरून ठेवली. 

मग त्यानंच आमच्या मागं आभाळाकडं बघितलं. हदगावच्या अंगानं काळं चढत होतं. वेलांची पानं उलटी व्हायला लागली होती. तो पाइप टाकून पुढं आला आणि पाण्यात उतरून त्यानं आबांपुढं हात केला.

"आबा, वारं सुटून राहिलं. होडी ऱ्हाऊ द्या. बाहेर या तुमी."

म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडं कुणीही आबा म्हणतं, त्यात विशेष काही नाही. आईनं सांगून झालं होतं, डॉक्टरनं सांगून झालं होतं, माझं तंगूस हिसकून झालं होतं. आबांनी त्या माणसाचा हात धरला आणि लहान पोरासारखे होडीतून उतरले. मी होडी बाभळीच्या खोडाला बांधली. तंगूस, गळ, शिसं, सगळं तिच्यातच राहिलं. आबांनी मागं वळून पाहिलं नाही.

त्या माणसानं आम्हाला सडकेपर्यंत आणून सोडलं. धरणाला वळसा घालून, दोन गाड्या बदलून घरी यायला संध्याकाळ झाली. वारं येऊन गेलं होतं आणि आई दारात उभी होती, पदराचं टोक दातात धरून. आम्ही होडीनं येऊ म्हणून ती पाण्याच्या वाटेकडं बघत होती, आम्ही आलो सडकेनं. आबा चपला काढून ओट्यावर बसले. तिनं पाणी दिलं, ते प्याले. तांब्या खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "काठाला लागला तो."

आई माझ्याकडं बघायला लागली. मी मान डोलावून म्हटलं, हाव.