शब्बातातली सुई

येरुहामच्या जुन्या वसाहतीत सेगुलाबाई वाक्रूळकरांच्या घरी शिवणाचा डबा म्हणून नव्हताच, आणि तरी घरातली एकही वस्तू शिवणापासून सुटलेली नव्हती. कापडावर खुणा करायला अंघोळीच्या साबणाची झिजलेली चकती, गोल आखायला भाताच्या पातेल्याचं झाकण, गोधडीचे थर सरकू नयेत म्हणून वर ठेवायला जैतुनांचे भरलेले डबे. कडा धरायला वाळवणाचे चिमटे होते. अंगुस्ताना हरवला तेव्हापासून बोटावर खोकल्याच्या औषधाचं टोपण असायचं. दवाखान्याने फ्रिजवर लावायला दिलेलं लोहचुंबक तर सुयांचं घरच झालं होतं. नवरा रूवेन म्हणायचा, मी जरा वेळ हललो नाही तर ही माझ्यावरही दोरा गुंडाळील.

सुयांमध्ये एक लांब सुई होती, आईने अलिबागहून या ज्यूंच्या देशाला निघताना पदरात खोचून दिलेली. गोधडीला सेगुलाबाई तीच घ्यायच्या. तीस वर्षं कारखान्यात बाटल्या तपासून डोळे अधू झाले होते, पण त्या सुईचं नेढं बोटांनाच दिसायचं.

त्या हिवाळ्यात नात शिरान तान्ह्या मुलाला घेऊन दोन दिवस राहायला आली. पणतवासाठी गोधडी जवळजवळ पुरी होत आली होती. आत सेगुलाबाईंची नरम झालेली नऊवारी, वर शिरानचा सैन्यातला हिरवा शर्ट. शुक्रवार उजाडला तरी एक कोपरा राहिलाच. शुक्रवारी बसगाड्या लवकर बंद होतात, दिवसही आखूड, आणि सूर्य बुडून शब्बात, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागला की सुईला हात लावायचा नाही. शिरान दारात उभी राहून हिब्रूत घाई करत होती. सेगुलाबाई मराठीत "झालं गो, झालं" म्हणत टाके ओढत होत्या. शेवटचा दोरा त्यांनी दाताने तोडला, चिमटे भराभर काढले, बाळाला गोधडीत गुंडाळलं आणि नातीच्या हाती दिलं. बस मिळाली. शिरानचा नवरा एलियाव बेर शेवाला गाडी घेऊन थांबणार होता, तिथून पुढे ती तिघं किर्यात गातला घरी.

सेगुलाबाईंनी घर आवरलं, अंगावर धुतलेलं लुगडं घेतलं, शब्बात सुरू करणाऱ्या मेणबत्त्या लावल्या. डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. हात काढले तेव्हा समोर फ्रिज होता आणि फ्रिजवर लोहचुंबक. त्यावर लांब सुई नव्हती.

खाली वाकून त्यांनी फरशी बघितली, सोफ्याखाली बघितलं, चिमट्यांची टोपली उपडी केली. मग हळूहळू आठवलं. दोरा तोडल्यावर चुंबक लांब होतं, म्हणून सुई त्यांनी गोधडीच्याच कोपऱ्यात खोचली होती, आत्ता काढते म्हणून. तेवढ्यात बाळ रडलं होतं.

रूवेन टेबलाशी मनुकांच्या शरबताचा पेला भरून किद्दूश, म्हणजे पेल्यावरची शब्बाताची प्रार्थना, म्हणायला थांबला होता. तो म्हणाला, असेल इथेच, उद्या रात्री शोधू. सेगुलाबाई नुसत्या फोनकडे बघत होत्या. लग्न झाल्यापासून शब्बातात त्या घरातला विजेचा दिवाही कुणी लावला नव्हता, फोन तर दूरच. रूवेनने बायकोचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि पेला खाली ठेवला.

"सेगुला, बाळाच्या जिवावरचं आहे. जिवापुढे शब्बात आड येत नाही. कर फोन."

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजू लागली. वाजत राहिली, वाजता वाजता तुटली. पुन्हा केला, पुन्हा तेच. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. शिरान फोन उचलणार नव्हती. लहानपणी एकदा शब्बातात तिने फोन उचलला होता, तेव्हा यांनीच तो तिच्या हातून काढून घेतला होता. म्हणाल्या होत्या, फोन वाजून वाजून मरेल, आपण नाही मरत. पोरीने ते मनाशी धरलं होतं. कधी नव्हे ते कुणी आपलं ऐकलं, आणि तेच आज मुळावर आलं होतं.

आता बाळाला भूक लागली असेल. भुकेलं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. कोपरा तर घालतंच घालतं. सेगुलाबाईंना तो कोपरा डोळ्यांसमोर दिसत होता, हिरव्या कापडात दडलेली सुई, आणि तिच्यावर दात नसलेलं तोंड. रिसीव्हर हातातून निसटायला लागला तसा रूवेनने तो खालून धरला.

"सोडू नकोस. वाजू दे."

किती वेळा फिरवला कुणास ठाऊक. मग अचानक घंटा थांबली. पलीकडे फक्त श्वास ऐकू आला. मग शिरान अगदी बारीक आवाजात, आजीला हिब्रूत हाक मारून म्हणाली,

"सावता? साबा गेले का?"

फोनवर आजीचा नंबर दिसत होता, आणि या घरातून शब्बातात फोन येतो म्हणजे आजोबा गेले, एवढाच अर्थ तिला लागत होता. पोर वाजणाऱ्या फोनसमोर इतका वेळ तेच धरून बसली होती. सेगुलाबाईंनी तिला समजावलंसुद्धा नाही.

"बाळाला उचल. गोधडीवरनं उचल, आत्ता."

रिसीव्हर आपटल्याचा आवाज, धावती पावलं, मग बाळाचं रडणं. शिरान परत येऊन तुटक तुटक सांगू लागली. बाळाच्या गालावर लाल ओरखडा होता. तिला वाटलं होतं, त्याचंच नख लागलं. तुझ्या फ्रिजवरचं चुंबक काढ, सेगुलाबाई म्हणाल्या, हिरव्या कोपऱ्यावर फिरव, हाताने चाचपू नकोस. एलियाव काहीतरी पुटपुटला. मग सुई चुंबकाला चिकटल्याचा टक् असा बारीक आवाज आला आणि शिरान हुंदके द्यायला लागली. टोक बाहेर आलं होतं, नेढं थरांमध्ये बुडालेलं. बाळाचं तोंड धड होतं.

सेगुलाबाई रिसीव्हर ठेवायला गेल्या तर रूवेनने मनगट धरलं. धोका टळला होता, म्हणजे शब्बात परत लागला होता. आता फोन बंद करणंही वर्ज्य. पलीकडे शिराननेही ठेवला नाही. तिला शिकवलंच तसं होतं. मग सेगुलाबाईंनी रिसीव्हर पावाशेजारी रुमालावर उघडाच ठेवला.

रूवेनने पेला उचलून किद्दूश म्हटलं, नेहमीपेक्षा मोठ्याने. संपताच रुमालावरून दोन आवाज आले, आमेन. त्यांच्यामागे बाळ दूध पिताना कुरकुरत होतं. इतका वेळ कोरड्या राहिलेल्या सेगुलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि टेबलावर डोकं टेकलं.

"सावता," रिसीव्हरमधून शिरान मराठीत म्हणाली, "नको रडू. इकडे ऐकू येतं."