होबार्टचं यंत्र ताज्या हवेत

मंगळवारी दुपारी व्हर्लिन माझ्या स्वयंपाकघरात आला तोच पांढराफटक. हातात पत्र.

"ताई, वाच."

"तू वाचलंस ना?"

"वाचलं. पण तू वाच. माझंच काहीतरी चुकत असेल."

व्हर्लिन माझा धाकटा भाऊ. बायको सोडून गेल्यापासून आमच्या शेजारी, ओढ्याच्या अंगाला ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, टाकून राहायचा आणि जेवायला माझ्याकडे. कोळशाच्या खाणीत सुरक्षेचं काम बघायचा. मी चष्मा लावून वाचलं. त्याचं काही चुकत नव्हतं. फेडरल सरकारी वकिलाच्या कचेरीचं पत्र होतं. खाणीतल्या धुळीच्या खोट्या नोंदींबद्दल फौजदारी तपास चालू आहे, आणि तुम्ही नुसते साक्षीदार नाही, खटला भरायचा तो तुमच्यावरच.

खोट्या नोंदी म्हणजे काय, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कायदा असा, की कोळसा कापतात तिथल्या माणसाने धूळ मोजायचं छोटं यंत्र आठ तास अंगावर बाळगायचं. यंत्रात धूळ जास्त भरली की काम बंद, आणि काम बंद झालं तर पोरांना खायला काय घालायचं? म्हणून व्हर्लिन आत गेल्यावर सगळ्यांची यंत्रं गोळा करायचा आणि बाहेरची हवा जिथून आत येते तिथे नेऊन टांगायचा. सांगायचा वरचा साहेब, करायचा हा, आणि सगळे गुपचूप यंत्र काढून द्यायचे. माझा नवरा होबार्ट तर हसत द्यायचा. "घे बाबा, माझ्या फुप्फुसाला नाही तर निदान ह्याला तरी ताजी हवा खाऊ घाल."

आता होबार्ट खुर्चीत बसून असतो, नाकात ऑक्सिजनची नळी. खोलीतून मोरीपर्यंत गेला तरी दोनदा थांबतो. भरपाईचा अर्ज केला तर कंपनीचा वकील तेच धुळीचे कागद घेऊन उभा राहिला. म्हणे खाणीत धूळ होतीच कुठे, ह्याला सिगारेट भोवली. आयुष्यात सिगारेटला हात न लावलेला माणूस! अर्ज फेटाळला. मला तेव्हा त्या वकिलाचं नरडं धरावंसं वाटलं होतं. पण ते कागद माझ्याच भावाच्या हातचे, मग नरडं धरायचं कुणाचं?

पत्र वाचून झाल्यावर व्हर्लिन म्हणाला, "डायरी जाळतो."

"कसली डायरी?"

"कुठल्या दिवशी कुणाचं यंत्र कुठे टांगलं, साहेब काय म्हणाला, सगळं लिहिलंय मी."

"अरे गाढवा, लिहिलंस कशाला?"

"उद्या कुणी विचारलं तर असावं म्हणून."

वकील परवडत नसेल तर फोन करा, असा एक नंबर पत्रातच होता. मी केला. प्रुइट नावाच्या बाई मिळाल्या. आवाज कोवळा, पण बोलणं खणखणीत. शुक्रवारी भेटू म्हणाल्या, डायरी घेऊन या. तोवर काही जाळायचं नाही, फोनमधलं काही पुसायचं नाही, खाणीतल्या कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. "आणि ते तपासाचे लोक दारात आले तर आत घेऊ नका. 'माझ्या वकीलबाई बोलतील' एवढं दारातूनच सांगा. कळलं?" फोनचा आवाज मोठा ठेवला होता. मी ऐकलं, व्हर्लिनने ऐकलं.

दोन दिवस तो ते एकच वाक्य घोकत होता. कुत्र्यापुढे म्हणायचा, आरशापुढे म्हणायचा. मध्येच विसरायचा आणि घाम पुसायचा. रात्री ट्रेलरच्या पायरीवर बसून रडायचा म्हणे, होबार्टने खिडकीतून पाहिलं. पन्नाशीचा बाप्या! लहानपणी वडिलांचा मार खातानासुद्धा रडला नव्हता तो.

गुरुवारी आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात दार वाजलं. एक उंच बाई, एक चष्मेवाला, दोघांच्या हातात सरकारी ओळखपत्रं. व्हर्लिन खुर्चीतून उठला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. घोकलेलं सगळं गेलं कुठल्या कुठे.

आणि मी म्हणाले, "थंडीत उभे काय राहता? आत या. पानं वाढलीच आहेत."

आमच्याकडे दारात आलेल्याला ओसरीवर उभं ठेवत नाहीत. शत्रू असला तरी आधी ताट, मग भांडण. ती दोघं नको नको म्हणाली, आम्हाला चालत नाही म्हणाली. मी कशाला ऐकतेय! हॅमचं हाड घालून शिजवलेला घेवडा, मक्याचा ब्रेड, कापलेला कांदा, दोन ताटं आणखी मांडली. शेवटी बसली बिचारी, नुसती कॉफी घेऊन. ती बाई बसल्याबरोबर व्हर्लिनला म्हणाली, "आम्ही बोलायला आलोय, पण बोललंच पाहिजे असं तुमच्यावर बंधन नाही." हे तिने स्वच्छ सांगितलं, मी तिला दोष देणार नाही.

जेवणाआधीची प्रार्थना घरातला कर्ता म्हणतो. होबार्ट दोन वाक्यं म्हणतो, धाप लागली की उरलेली व्हर्लिन म्हणतो. सहा वर्षं असंच चाललंय. त्या दिवशी होबार्टने माना खाली घालायला लावल्या, "देवा, ह्या अन्नाबद्दल," एवढं म्हणाला आणि खोकला सुरू झाला. केवढा खोकला! ओठ निळे पडले. मी पाठ चोळत होते. सगळे डोळे मिटून थांबले होते, व्हर्लिन पुढचं कधी म्हणतो म्हणून.

"ह्याचं यंत्र मी टांगायचो," व्हर्लिन म्हणाला. "ताज्या हवेत. ह्याच्या अंगावर एक दिवससुद्धा राहू दिलं नाही."

"व्हर्लिन, गप बस," होबार्ट धापा टाकत म्हणाला. "मीच... काढून देत होतो."

पण तो थांबतो कसला! उठून ट्रेलरमध्ये गेला, डायरी आणून त्या बाईपुढे ठेवली. तासभर बोलला. साहेबाचं नाव, तारखा, माणसं, सगळं. चष्मेवाला लिहून घेत होता. घेवड्याला कुणी हात लावला नाही.

शुक्रवारी प्रुइटबाईंनी ऐकलं आणि डोकं धरलं. "तुमच्या हातात सौदा करायला दोनच गोष्टी होत्या, ती डायरी आणि तुमचं तोंड. साहेबाविरुद्ध साक्ष द्यायच्या बदल्यात मी तुरुंग टाळून आणला असता, आधी त्यांच्याकडून लिहून घेऊन. तुम्ही सगळं फुकटात वाढलंत." साहेबाने म्हणे वकील केलाय आणि तोंडाला कुलूप लावलंय. व्हर्लिनने मान हलवली. "तुरुंगात जावं लागेल?" "बहुतेक," बाई म्हणाल्या. "होबार्टच्या अर्जाचं काय?" "ते पुन्हा उघडता येईल. वर्ष लागेल." वर्ष! डॉक्टरने होबार्टला तेवढं दिलेलं नाही.

परतताना गाडी व्हर्लिन चालवत होता. घाट अर्धा उतरल्यावर म्हणाला, "ताई, वकीलबाईंचं तू ऐकलं होतंस ना? आत घेऊ नका म्हणून?"

सवय रे, आपली रीत, असं म्हणणार होते. सगळ्यांना मी तेच सांगितलंय. पण त्याच्याशी खोटं बोलवेना.

"ऐकलं होतं," मी म्हणाले. "तू बोलावंस म्हणून घेतलं आत. सहा वर्षं मी होबार्टचा श्वास मोजतेय, व्हर्लिन. कुणीतरी खरं बोलायला हवं होतं, आणि तुझ्याशिवाय होतं कोण?"

माझ्या आईचं लेकरू मी माझ्या हाताने तुरुंगात धाडलं. देवा, परत दार वाजलं तर परत उघडीन, मला क्षमा कर.

त्याने पुढच्या वळणावर गाडी हळू केली. मग म्हणाला, "हे होबार्टला सांगू नकोस. त्याला वाटू दे मी आपणहून बोललो. कळलं तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही तो, आणि मी नसताना त्याला दुसरं आहे कोण?"

मी हो म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे फिरवून रडले.