विहिरीत उतरायची गाठ

साल एकोणीसशे पंचावन्न. मला पंधरावं लागलं होतं. शाळा चौथीतच सुटली होती. मास्तरांनी छडी मारली म्हणून मीच सोडली, कुणी काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्याच वयाचा चुलत भाऊ मात्र बारामतीला बोर्डिंगात राहून शिकत होता. त्याच्या शाळेत बालवीरांचं पथक होतं. काही अवघड करून दाखवलं की मास्तर कापडाचा बिल्ला देत. दोन काड्यांत चूल पेटवली, बिल्ला. कालवा पोहून गेला, बिल्ला. आमच्या गावी, सणसरला आला की खाकी सदऱ्याची बाही पुढं करून बसायचा. आता चूल मी एका काडीत पेटवायचो, आणि त्याला पोहायला शिकवलं ते मीच. पण माझ्या हातावर काय, तर उसाच्या पाल्याचे ओरखडे.

आमचे आबा, म्हणजे वडील, मला कधी शाब्बास म्हणाले नाहीत. त्या रविवारी त्याची बाही चिमटीत धरून म्हणाले, "ह्याला म्हणत्यात गडी." मी समोरच कडबा तोडत होतो. विळा तसाच टाकून उठलो.

दुपारी तो दोर घेऊन माझ्याकडंच आला. "गाठीचा बिल्ला तेवढा राह्यलाय. विहिरीत माणूस सोडायची गाठ दाव की. तुझ्यावाणी कुणाला येत न्हाय."

ती गाठ आवळत नाही आणि सुटतही नाही. गाळ काढायला गडी उतरवताना मी ती कितीदा मारलेली. मी दाखवली, पण शेवटचं टोक फेऱ्याच्या आतून काढायचं ते बाहेरून काढलं. दिसायला हुबेहूब, भार पडला की सरकणार. मनात म्हटलं, मास्तर ओढून बघतील, गाठ सुटेल, पोरं हसतील. बाहीवर तेवढी जागा तरी मोकळी राहील.

चार वाजता तो सायकलीवरून बारामतीला गेला. संध्याकाळी चुलती भाकरी थापता थापता आईला सांगत होती, "उद्या धा वाजता परीक्षा हाय त्याची. शाळंमागच्या विहिरीत उतरायचं. ज्यानं गाठ मारली त्यानंच दोराला लोंबायचं म्हणं."

"पाणी हाय का तिला?" मी विचारलं.

"कोरडी हाय. बरंच हाय की, बुडायचं भ्या न्हाय."

बोलावं तर आबांसमोर सगळं उघडं पडणार. मी गप जेवलो.

सकाळी उजाडायच्या आत उठलो आणि कालव्याच्या कडंनं बारामतीकडं निघालो. निम्मी वाट चाललो, निम्मी पळालो. पोचलो तेव्हा भाऊ काखेखालून दोर बांधून काठावर उभा होता. गाठ तीच. मास्तरांना न विचारता मी ती सोडली.

"आरं, काय झालं?"

"टोक चुकीचं काढलंस."

"तूच तसं दावलं हुतंस की."

"मी बरोबर दावलं हुतं. तुझं ध्यान बाहीकडं."

त्यानं मान खाली घातली. त्याला ते खरं वाटलं, आणि मी वाटू दिलं. त्याच्याकडून गाठ तीनदा बरोबर मारून घेतली. मग दोर मास्तरांबरोबर मीही धरला, त्याचे पाय तळाला टेकेपर्यंत. तो वर आल्यावर मास्तर खिशातून बिल्ला काढायला लागले, तसा मी वळलो आणि कालव्याची वाट धरली. तो बाहीला लावलेला मला बघायचा नव्हता.