भाऊबीजेनंतरचा फोटो

भाचीचा फोन आला तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. "मामा, मला आईचे फोटो बघायचेत. तुमच्याकडे असतीलच ना?" मी लगेच हो म्हणालो आणि फोन ठेवून तसाच खुर्चीत बसून राहिलो.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. आम्ही धुळ्याचे, देवपुरातले. बहिणीला दिलं होतं जळगावजवळ असोद्याला, केळी-कापसाच्या घरात. भाची दीड वर्षाची असताना बहीण गेली. वर्षाच्या आत मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं. नवी सून यायची म्हणून भिंतीवरचा फोटो उतरवला, आणि लग्नाचा अल्बम कुठे गेला ते आजवर कोणी सांगितलं नाही. पोरीला तिथे कुणी जाच केला असं नाही. तिला शिकवलं, जळगावातच चांगलं घर बघून दिलं. पण आई दिसायला कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं.

फोटो माझ्याकडे होते. नोकरी लागल्यावर मी एक जुना कॅमेरा घेतला होता आणि त्या दोन-चार वर्षांत घरातल्या माणसांना सुखाने जेवूसुद्धा दिलं नव्हतं. ते सगळे फोटो पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर. कितीतरी वर्षं मी पेटी उघडली नव्हती. बायको दर दिवाळीला म्हणायची, ही पेटी खाली काढून एकदा झटकू या. मी टाळायचो.

भाचीला तिच्या नवऱ्याने गाडीने आणून सोडलं आणि तो बाजारात कामाला गेला. ती सतरंजीवर पाय लांब करून बसली. मी एकेक पाकीट उघडत गेलो. सोनगीरच्या किल्ल्यावर ओढणी डोक्याला बांधून उभी असलेली बहीण. पांझरेच्या काठी माझ्या सायकलवर, पाय पॅडलला पुरत नसलेली. हळदीच्या दिवशी तोंड माखलेलं, दात तेवढे दिसतात. भाची प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरायची.

"मामी, बघा, नाक माझंच आहे!" तिने आतल्या खोलीकडे हाक मारली. बायको चहा घेऊन आली आणि आमच्यातच बसली. तासभर फार बरं गेलं. मला वाटू लागलं की निभावलं.

मग खालच्या पाकिटातून तो फोटो निघाला. आमच्या जुन्या घराची पायरी, बहीण उभी, शेजारी कापडी पिशवी, कडेवर दीड वर्षाची भाची.

"ही मी?" तिला हसू आवरेना. "आईजवळ मी! मामा, हा मला द्या. पण हा इतका पिवळा का पडलाय? जुना झाला म्हणून?"

सगळेच फोटो पिवळट झाले होते. हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. पण तिने पुन्हा फोटो डोळ्यांजवळ नेला. "माझे डोळे पांढरे दिसताहेत. आईचेच पिवळे आहेत."

तेव्हा मी सांगितलं. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं.

त्या वर्षी बहीण भाऊबीजेला आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. जेवण जात नव्हतं, दुपारी भिंतीला टेकून बसायची. तिसऱ्या दिवशी मेहुणे न्यायला आले. घरी कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत, म्हणाले. ती स्वयंपाकघराच्या दारात माझ्याजवळ आली.

"भाऊ, मी आठ दिन राहू का? तू सांगशी तर हे ऐकतीन."

आमची आईसुद्धा म्हणाली, "पोर थकेल शे रे. राहू दे तिले."

पण त्या रविवारी मला मुलीकडचे बघायला येणार होते. लग्न झालेली बहीण तान्ह्या लेकरासह माहेरी येऊन बसलीय, नवरा परत पाठवलाय, हे त्यांच्या कानावर जायला नको होतं. मी बहिणीला म्हणालो, "आता जा. पुढच्या महिन्यात मी स्वतः आणायला येतो." तिने पिशवी भरली. मीच तिला पायरीवर थांबवलं, रिळात एक फोटो उरला होता म्हणून. कॅमेऱ्यातून बघताना मला तिचे डोळे दिसले. मी मेहुण्यांना म्हणालो, "डोळे पिवळे वाटताहेत, डॉक्टरला दाखवून घ्या." त्यांनी मान हलवली. तेवढ्यावर मी माझं काम झालं असं धरलं.

असोद्याला गेल्यावर पंधरा दिवस काविळीचं झाडपाल्याचं औषध चाललं. जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. मी पोचलो तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

मी बोलायचं थांबलो. भाचीने फोटो मांडीवर ठेवला.

"तुम्हाला दिसलं होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"हो."

"आणि तिने राहू का म्हणून विचारलं होतं."

"हो."

बायकोने रिकामे कप उचलले आणि उभ्याउभ्या मला विचारलं, "त्या रविवारी आम्हीच आलो होतो ना?" मी मान हलवली. ती आत गेली. त्यानंतर आजतागायत तिने हा विषय काढलेला नाही आणि मला काढू दिलेला नाही.

भाचीचा नवरा आला तशी ती उठली. पायरीवरचा तो एकच फोटो तिने पर्समध्ये घातला. बाकीचे पुढे केले तर म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडे." पायाही पडली. वाकताना तिला त्रास होत होता, मी नको म्हणालो तरी वाकली.

भाचीला मुलगी झाल्याचं मला असोद्याच्या एका माणसाकडून कळलं. बारशाचं बोलावणं आलं नाही. महिनाभर वाट बघून मी एसटीने जळगावला गेलो. बायकोने झबली शिवून दिली होती, स्वतः मात्र आली नाही. दार नवऱ्याने उघडलं. आतून भाचीचा आवाज येत होता, बाळाशी काहीतरी बोलत होती. मी चप्पल काढेपर्यंत आवाज थांबला.

"ती झोपलीय, मामा," तो म्हणाला. खाली बघून म्हणाला. माणूस चांगला आहे. त्याने मला बसवलं, स्वतः चहा केला, बिस्किटं दिली. आम्ही उन्हाबद्दल बोललो, रस्त्याच्या कामाबद्दल बोललो. अर्ध्या तासात आतून एकदाही आवाज आला नाही, बाळाचासुद्धा नाही. मी झबल्यांची पिशवी खुर्चीवर ठेवून उठलो.

"पुन्हा येईन," मी म्हणालो.

"फोन करून या," तो म्हणाला.

मी फोन करतो. सणावाराला करतो, मधेही करतो. पूर्ण वाजतो आणि बंद होतो.